मरहूमची उधारी आणि कोर्टाची फी

महाड-पोलादपूर भागातील आमच्या व्यापारी बांधवांत एक समज पक्का रुजलेला आहे. मुसलमानाला प्रोबेट लागत नाही, म्हणून वारसाच्या कामासाठी कोर्टाची पायरी चढण्याचे कारण नाही, असा तो समज आहे. तो अर्धा खरा आहे. जो अर्धा खरा नाही, त्यापायी दुकानदाराच्या मागे राहिलेल्या बायकामुलांचे येणे बुडते. कोर्टात जायची वेळ आलीच तर फीचा आकडा ऐकून माणसे परत फिरतात. ही फी किती आहे, कोणत्या रकमेवर आहे, कुठे माफ होते, कुठे परत मिळते आणि कुठे ती निव्वळ अन्यायाची आहे, हे आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

आधी खरा असलेला अर्धा भाग पाहू. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील कलम २१३ प्रमाणे काही समाजांच्या मृत्युपत्रांना, विशेषतः मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या शहरांशी संबंध असलेल्या मृत्युपत्रांना, प्रोबेट सक्तीचे होते. मुसलमानांच्या वसियतनाम्याला हे कलम लागू नाही, असे त्याच कलमात स्पष्ट लिहिलेले होते. डिसेंबर २०२५ मध्ये तर संसदेने हे कलमच कायद्यातून काढून टाकले. वसियत न करता मुसलमान वारला, तरी त्याच्या वारसांना मिळकतीचा हक्क सांगण्यासाठी व्यवस्थापनपत्र घेण्याची सक्ती नाही. येथपर्यंत आमचे लोक बोलतात ते बरोबर आहे.

आता दुसरा भाग. त्याच कायद्याचे कलम २१४ सर्वांना लागू आहे, मुसलमानांनाही. ते असे सांगते की मयताचे कर्जदारांकडून येणे असेल, तर वारसाने प्रोबेट, व्यवस्थापनपत्र किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र यांपैकी एखादा कागद हजर केल्याशिवाय कोर्ट त्या कर्जदाराविरुद्ध हुकूमनामा करणार नाही. मरहूमने हयातीत मिळवलेला हुकूमनामा वारसाला बजावून घ्यायचा असेल, तरी हीच अट आहे. यातून फक्त शेतजमिनीचा खंड, सारा आणि उत्पन्न वगळलेले आहे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? आमच्या भागातील दुकानदाराची मिळकत भिंतीत आणि मालात जितकी असते, तितकीच उधारीच्या वहीत असते. कापडवाला लग्नसराईत माल देतो आणि पैसे गणपतीनंतर घेतो. किराणावाला वाडीवस्तीवर महिन्याच्या बोलीवर देतो. फर्निचर करणारा सुतार, ग्रील बनवणारा वेल्डर, गॅरेजवाला, विटा-वाळू पुरवणारा, शिलाईची ऑर्डर घेणारा यांची मजुरी ठेकेदाराकडे अडकलेली असते. ही सगळी रक्कम कायद्याच्या भाषेत 'कर्ज' आहे. धनी हयात असतो तोवर ती तोंडाच्या शब्दावर फिरते. त्याचे डोळे मिटले की देणारा म्हणतो, "द्यायचे कोणाला? मोठ्या मुलाला दिले तर उद्या धाकटा मागेल." त्याची भीती अगदीच खोटी नाही. बऱ्याचदा ती सबबही असते.

कागद तीन, कामे वेगळी

आमच्याकडे वारसाच्या तीन कागदांची मोठी गल्लत होते. त्यामुळे पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात. म्हणून ते वेगवेगळे सांगतो.

पहिला कागद तलाठ्याकडची वारस नोंद. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर मयताचे नाव कमी करून वारसांची नावे चढवण्यासाठी ती असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांच्या आत खबर द्यावी लागते. यात कोर्ट फी नाही. पण या फेरफाराच्या जोरावर उधारी वसूल होत नाही.

दुसरा कागद १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचे वारस प्रमाणपत्र, ज्याला कोर्टात हेअरशिप म्हणतात. 'मयताचे वारस अमुक अमुक आहेत' हे कोर्टाकडून मान्य करून घेण्यासाठी ते असते. घर, गाळा, सरकारी कचेऱ्या अशा कामांत ते मागतात.

तिसरा कागद १९२५ च्या कायद्याखालचे उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजेच सक्सेशन सर्टिफिकेट. ते फक्त येणे असलेल्या रकमा आणि शेअर, रोखे यांच्यासाठी असते. घर आणि जमीन त्यात घालता येत नाही. मरहूम जिथे कायम राहत होते, त्या भागातील न्यायालयात त्याचा अर्ज करायचा. मृत्यूची तारीख, सर्व जवळच्या नातेवाइकांची नावे व पत्ते, अर्जदाराचा हक्क आणि ज्या रकमांसाठी प्रमाणपत्र हवे त्यांची यादी, एवढे त्यात लागते. गरज वाटल्यास न्यायाधीश जामीनकीचे बंधपत्रही मागतात.

या तिसऱ्या कागदाचे बळ मोठे आहे. कलम ३८१ प्रमाणे ज्याच्या हाती हे प्रमाणपत्र आहे त्याला कर्जदाराने पैसे दिले, की कर्जदार पूर्ण मोकळा झाला. उद्या दुसरा वारस त्याच्याकडे मागू शकत नाही. पण एक गोष्ट मोठ्या भावांनी ध्यानात ठेवावी. प्रमाणपत्र ज्याच्या नावावर निघते तो त्या पैशाचा मालक होत नाही. तो वसूल करून सर्व हक्कदारांना देणारा असतो. बहिणीचे नाव अर्जातून गाळले, तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि जाणूनबुजून खोटे विधान करणे हा गुन्हाही आहे. विरासतीत मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा ठरलेला आहे. तो कोणाच्या मर्जीवर नाही.

फी किती आणि कोणाला जड

आता मुख्य प्रश्न. १९५९ च्या कोर्ट फी कायद्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियमात, प्रोबेटसाठी मालमत्तेच्या किमतीवर टक्क्यांनी फी आहे. उत्तराधिकार प्रमाणपत्रालाही त्याच दराने ती लागते. पहिल्या पन्नास हजारांवर दर कमी आहे, पन्नास हजार ते दोन लाखांच्या टप्प्यावर ४ टक्के आहे आणि दोन लाखांवरच्या रकमेला ७.५ टक्के. या सगळ्याला कमाल मर्यादा ७५ हजार रुपयांची आहे.

हिशेब मांडून पाहा. दोन लाखांच्या येण्यावर सुमारे सात हजार रुपये. सहा लाखांवर सुमारे सदतीस हजार. दहा लाखांवर सुमारे सदुसष्ट हजार. अकरा लाखांच्या आसपास ७५ हजारांची मर्यादा गाठली जाते आणि तिथून पुढे फी वाढत नाही. म्हणजे महाडच्या बाजारपेठेत अकरा लाखांची उधारी मागे ठेवून गेलेल्या दुकानदाराची बेवा जितकी फी भरते, तितकीच फी मुंबईत अकरा कोटींचे शेअर मागे ठेवून गेलेल्या शेठजीचे वारस भरतात. एकाला ती शेकडा सात रुपयांजवळ पडते. दुसऱ्याला शेकडा सात पैशांजवळ.

दर ठरवताना खालच्या टोकाला काय आहे तेही पाहावे. एक हजार रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला फी माफ आहे. हा एक हजाराचा आकडा १८७० च्या इंग्रजी अमदानीतील कोर्ट फी कायद्यात होता. त्या काळी हजार रुपयांत घर उभे राहत असे. आज हजार रुपयांत एका लग्नाचा जोडाही होत नाही. दीडशे वर्षे उलटली, रुपयाचे मोल पार गेले, इंग्रज गेले, राज्य झाले, कायद्याचे नाव बदलले. माफीचा आकडा मात्र हजारावरच आहे.

कमाल मर्यादेची कथाही आमच्या वाचकांना ठाऊक असावी. पूर्वी महाराष्ट्रात दिवाणी दाव्याला जास्तीत जास्त १५ हजार रुपये फी होती. प्रोबेट आणि व्यवस्थापनपत्राला मात्र मर्यादाच नव्हती. कितीही मोठी मिळकत असो, टक्केवारी चालूच. ज्योती निकुल जरीवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनेच्या समानतेच्या कलमाविरुद्ध ठरवला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे १९८८ साली अश्वत्थनारायण सेट्टी या प्रकरणाबरोबर हा प्रश्न सुटला. टक्केवारीने फी घेण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, पण दावेवाल्याला मर्यादा आणि वारसाला मर्यादा नाही हे चालणार नाही, हा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. पुढे विधिमंडळाने वारसांसाठीची मर्यादा ७५ हजारांवर आणली. दाव्याची मर्यादा वाढत वाढत २०१८ मध्ये १० लाखांवर गेली.

हा निकाल चांगलाच होता. पण त्याचा फायदा कोणाला झाला हे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले पाहिजे. मर्यादेचा फायदा मर्यादेच्या वर असणाऱ्याला होतो. जो खाली आहे, त्याच्यासाठी काहीच बदलले नाही. समानतेचा प्रश्न वरच्या टोकाला सुटला, खालच्या टोकाला तो कोणी विचारलाच नाही. कारण अकरा कोटीवाला उच्च न्यायालयात जाऊ शकतो. दोन लाखांच्या उधारीसाठी कोणी मुंबईला वकील लावत नाही.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. न्यायालये चालवायला खर्च येतो, तो वापरणाऱ्याने थोडा उचलावा, हे तत्त्व आम्हाला अमान्य नाही. फी आणि मिळालेली सेवा यांचा पैन् पै ताळमेळ लागत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. पण वारसाच्या बिनतक्रार अर्जात कोर्टाचे काम किती असते? जाहीर नोटीस निघते, कोणी हरकत घेत नाही, एक जबाब होतो, हुकूम होतो. दोन लाखांच्या अर्जाला आणि दहा लाखांच्या अर्जाला काम तेवढेच. तरी फी जवळजवळ दहापट. ही फी कामाची राहिली नाही, ती वारशावरचा कर झाली आहे. देशात मृत्यूनंतरच्या मिळकतीवरचा इस्टेट ड्युटी हा कर मार्च १९८५ पासून बंद झाला. त्या करातही लहान मिळकतींना सूट होती. श्रीमंतांचा वारसाकर गेला आणि लहान दुकानदाराच्या उधारीवरची टक्केवारी मात्र राहिली.

माफी कोठे आहे

पहिली माफी स्त्रियांची. १ ऑक्टोबर १९९४ रोजी राज्य सरकारने कोर्ट फी कायद्यातील अधिकार वापरून पोटगी, मालमत्तेचे तंटे, अत्याचार आणि घटस्फोट या चार प्रकारच्या प्रकरणांत स्त्रियांना फी माफ केली. 'मालमत्तेचे तंटे' हे शब्द वाचून बेवांना वारसाच्या अर्जातही माफी मिळेल असे वाटले. पण मार्च २००० मध्ये सरकारने खुलासा केला, की मालमत्तेचा तंटा म्हणजे वैवाहिक संबंधातून उद्भवलेला तंटा. शिवाय उत्तराधिकाराच्या अर्जात बहुधा तंटा नसतोच, हा आक्षेप येतो. म्हणजे नवऱ्याशी भांडण असलेल्या स्त्रीला माफी आणि नवरा वारलेल्या स्त्रीला फी. आमच्या मते ही विसंगती सरकारने एका ओळीच्या अधिसूचनेने दूर करायला हवी.

दुसरी वाट अधिक भरवशाची आहे आणि आमच्या लोकांना फारशी माहीत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, अंमल नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्री, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे. लहान मुले पात्र आहेत. पूर, भूकंप, दुष्काळ किंवा मोठ्या आपत्तीत सापडलेली माणसेही पात्र आहेत. या मदतीत वकील येतो, तसाच कोर्ट फीचा खर्चही येतो. तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करायचा असतो.

पुराचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हा दुकानांतील मालाबरोबर वह्याही गेल्या. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून माणसे गेली. त्याआधी २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला काजळपुऱ्यात तारिक गार्डन इमारत कोसळून १६ जणांचा जीव गेला. अशा आपत्तीत सापडलेल्या घराला वारसाचा कागद करताना 'आम्ही आपत्तीग्रस्त आहोत' हे सांगण्याचा कायद्याने हक्क आहे. ती भीक नाही.

तिसरी गोष्ट प्रतिज्ञापत्राची. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क राज्याने १ जुलै २००४ च्या अधिसूचनेने माफ केलेले आहे. तरी दाराबाहेर लोक स्टॅम्प पेपर घेताना दिसतात. लागत नसेल तो खर्च करू नये.

परतावा कोठे मिळतो

उत्तराधिकार कायद्याचे कलम ३७९ वाचण्यासारखे आहे. अर्जाबरोबर फीइतकी रक्कम कोर्टात अनामत ठेवायची असते. अर्ज मंजूर झाला की त्या रकमेतून स्टॅम्प घेतला जातो. जी रक्कम खर्च झाली नाही, ती ठेवणाऱ्याला परत करावी, असे कलम स्वच्छ सांगते. म्हणजे अर्ज नामंजूर झाला किंवा सहा लाखांचा मागून दोन लाखांचाच मंजूर झाला, तर उरलेले पैसे आपले आहेत. पण ते मागावे लागतात. निकालाच्या दिवशीच वकीलसाहेबांकडून परताव्याचा अर्ज देऊन ठेवावा.

ज्यांनी प्रोबेट किंवा व्यवस्थापनपत्र घेतले आहे, त्यांच्यासाठी आणखी दोन सवलती जुन्या कायद्यापासून चालत आल्या आहेत. मालमत्तेची किंमत चुकून जास्त धरली गेली, तर जादा फी परत मागता येते. मरहूमचे देणे मिळकतीतून फेडल्यावर निव्वळ किंमत कमी झाली, तरी फरक मागता येतो. दोन्हींना मुदती आहेत, म्हणून उशीर करू नये. मुळात किंमत लावतानाच कफन-दफनाचा खर्च, मयताचे कर्ज आणि गहाणाची रक्कम वजा करायची असते. बायकोचा बाकी राहिलेला महर हेही मरहूमवरचे कर्जच आहे. ते यादीत लिहायला आमचे लोक लाजतात. लाजू नये.

ज्याचा परतावा कुठेच नाही, ती गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त खटकते. प्रमाणपत्र घेतले, फी भरली आणि मग कर्जदार नादार निघाला किंवा गाव सोडून गेला, तर भरलेली फी गेली. व्यापारात उधारीचा काही भाग बुडतो, हे प्रत्येक दुकानदार धरून चालतो. सरकार मात्र वहीतील आकडा रोख पैशासारखा धरते.

आज काय करता येईल

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आहे त्या कायद्यात बरेच करता येते.

एक, सगळ्या उधारीसाठी अर्ज करू नका. कलम ३७२ प्रमाणे एखाद्याच येण्यासाठी, किंवा त्याच्या काही भागासाठीही अर्ज करता येतो. समजा, मरहूमचे ऐंशी गिऱ्हाइकांकडे सहा लाख येणे आहे. त्यातले पाच मोठे ठेकेदार दोन लाख धरून बसले आहेत आणि बाकीची माणसे गावातलीच, शब्दाची आहेत. अर्ज त्या दोन लाखांचाच करा. सदतीस हजारांऐवजी सात हजारांत काम होईल. पण विचार करून यादी करा, कारण मागाहून प्रमाणपत्रात रक्कम वाढवून घेतली तर त्या वाढीव रकमेवर दीडपट फी आहे.

दोन, मुदत सांभाळा. उधारीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि धनी वारला म्हणून ती थांबत नाही. मुदत संपण्याआधी कर्जदाराकडून बाकी मान्य असल्याची लेखी सही घेतली, तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. आणि एक महत्त्वाचे: कलम २१४ हुकूमनामा अडवते, दावा दाखल करणे अडवत नाही. प्रमाणपत्राची वाट पाहत मुदत घालवू नका.

तीन, बँकेतील पैशासाठी घाईने कोर्टात जाऊ नका. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांप्रमाणे नामनिर्देशन नसले, तरी सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंतचा दावा वारसांच्या हमीपत्रावर, उत्तराधिकार प्रमाणपत्र न मागता, निकाली काढायचा आहे. आता एका ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सरबती देवी प्रकरणात विम्याबद्दल आणि २०२३ साली शक्ती येझदानी प्रकरणात शेअरबद्दल सांगितले आहे. नॉमिनी असलेल्या भावाने ते पैसे हिश्शाप्रमाणे वाटले पाहिजेत.

चार, परदेशी असलेल्या वारसांची सोय आधी पाहा. दासगाव, वहूर, टोळ असो की पोलादपूर, आमच्या घराघरांतून कोणी ना कोणी आखातात आहे. त्याच्या संमतीसाठी भारतीय वकिलातीसमोर साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र मागवावे आणि ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावा. एका सहीसाठी वर्ष गेलेली प्रकरणे थोडी नाहीत.

पाच, हयातीतच वही नीट ठेवा. वहीतील नोंद पुराव्यात येते, पण केवळ नोंदीवर कोणावर जबाबदारी ठरत नाही, हा नियम जुन्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणून मोठ्या उधारीच्या बिलावर गिऱ्हाइकाची सही घ्या. वर्षाअखेर बाकीचा कागद करा. वहीचे फोटो काढून दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवा. पूर सांगून येत नाही.

सहा, बाप आणि मुले एकाच दुकानात राबत असतील, तर लेखी भागीदारी करा. पेढीच्या नावाने दावा करताना मयत भागीदाराच्या वारसांना सामील करण्याची गरज नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. येणे पेढीचे असेल, तर मागे राहिलेले भागीदार ते मागू शकतात. मरहूमच्या हिश्शाचा हिशेब मग घरात आई-बहिणींना धरून करायचा असतो, तो टाळायचा नाही.

सात, आणि हे सर्वांत स्वस्त. कलम २१४ फक्त कोर्टाच्या हुकूमनाम्यापुरते आहे. देणारा स्वखुशीने देत असेल, तर कायदा त्याला अडवत नाही. सर्व वारसांनी, बहिणींसकट, एकत्र सही करून पावती द्यावी. जमातीच्या दोन जाणत्या माणसांनी आणि व्यापारी मंडळाच्या एका माणसाने साक्ष घालावी. कर्जदाराची भीती संपते, वारसाची फी वाचते. मरहूमचे देणे असेल, तर तेही याच बैठकीत मांडावे, कारण देणे फेडल्याशिवाय वाटणी होत नाही. चार लाख निव्वळ उरले, मागे बेवा, दोन मुलगे आणि एक मुलगी असतील, तर बेवाचा आठवा हिस्सा ५० हजार, प्रत्येक मुलाचे १ लाख ४० हजार आणि मुलीचे ७० हजार. एवढा हिशेब मांडायला कोर्ट लागू नये.

आमचे मागणे

मात्र सगळेच देणारे स्वखुशीचे नसतात, म्हणून कायद्याची दुरुस्ती टळत नाही. आम्ही चार गोष्टी मागतो. १८७० पासूनचा एक हजाराचा आकडा काढून निदान पाच लाखांपर्यंतच्या उत्तराधिकार प्रमाणपत्राला फी माफ करावी. सहकारी बँकेला पाच लाखांपर्यंत कोर्टाचा कागद लागत नाही, तर त्याच रकमेच्या उधारीवर टक्केवारी कशासाठी? बेवा आणि अज्ञान मुले यांना वारसाच्या सर्व अर्जांत माफी आहे, असे अधिसूचनेत स्पष्ट लिहावे. फी अर्जाच्या वेळी न घेता वसूल झालेल्या रकमेतून घ्यावी, आणि जे वसूल झाले नाही त्यावरची फी परत करावी. शेवटी, अनामतीतील उरलेले पैसे कोणी न मागता निकालाबरोबर परत करण्याची पद्धत घालून द्यावी.

या मागण्या एका जमातीच्या नाहीत. प्रोबेटचा जुना भेद गेल्यावर आता हिंदू, मुसलमान, बौद्ध, सर्व लहान दुकानदार या कायद्यापुढे एकाच रांगेत उभे आहेत. महाड आणि पोलादपूरच्या व्यापारी मंडळांनी आपापल्या सभेत हा विषय घ्यावा, एकत्र निवेदन करावे आणि ते आपल्या आमदारांमार्फत विधी व न्याय खात्याकडे द्यावे. आमच्या कारागीर बांधवांनी तोवर एवढे करावे: आज रात्री दुकान बंद केल्यावर उधारीची वही उघडावी, मोठ्या पाच नावांसमोर सही आहे का ते पाहावे, आणि नसेल तर उद्या घ्यावी.